भाग कुणाचे, यंत्र कुणाचे?

सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले गाव. भोवती धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा जलाशय आणि त्याच तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी. गेल्या हिवाळ्यात धान विकून झाल्यावर तिथून माझ्या भाच्याने मला वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. पानावर आठ ओळी होत्या : प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट. प्रत्येक ओळीपुढे दोन-तीन नावे, काही खोडलेली, काही पुन्हा लिहिलेली. खाली बेरीज, आणि ती बेरीजही दोनदा खोडलेली. त्याला गेमिंगसाठी भारीतला संगणक जोडायचा होता. तयार विकत घ्यायचा नव्हता; एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा होता.

फोटोमागोमाग फोन आला. फोनवर भाचा कमी आणि भावजी जास्त बोलले. त्यांचा राग पैशाचा होताच, पण प्रश्न त्याहून खोल होता. ते म्हणाले, “सारेच भाग बाहेरचे. चिप तैवानची, कार्ड अमेरिकेच्या कंपनीचं, डबा चीनचा. इकडूनतिकडून आणून जोडलं त त्यात आपलं काय?”

मला लगेच उत्तर सुचले नाही. नंतर लक्षात आले की हा प्रश्न गेली सत्तर वर्षे याच महाराष्ट्रात, मुंबईत आणि पुण्यात, फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या यंत्रांसमोर उभे राहून स्वतःला विचारलेला आहे. भारतात मोठे संगणक घडले त्यांचा इतिहास मुख्यतः सुटे भाग निवडण्याचा इतिहास आहे. कोणता भाग घरी करायचा, कोणता विकत घ्यायचा, कोणता मागूनही मिळणार नाही आणि कोणता पाच वर्षांनी पोरका होईल, या चार प्रश्नांभोवती तो फिरतो. या लेखात त्याच अंगाने तो पाहायचा आहे.

१. कुलाब्याची मण्यांची माळ

१९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम हा संगणक बसला. देशात आलेला हा पहिला अंकीय संगणक, आणि तो आयात केलेला. त्याच सुमारास मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वेगळा विचार सुरू होता : यंत्र विकत न घेता घडवायचे. जबाबदारी होती रंगस्वामी नरसिंहन यांच्यावर. ते अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट घेऊन परतले होते. त्यांच्या लहानशा गटातली बाकीची मंडळी तरुण होती, आणि संगणक बांधण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कुणाच्याच गाठीशी नव्हता. आधी एक छोटे चाचणी-यंत्र बांधले गेले आणि ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्यावरून शिकून पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेतले गेले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागले. जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक.

या यंत्राची ‘यादी’ आज वाचताना गंमत वाटते. सुमारे २७०० निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियमचे डायोड, १२,५०० रोधक. रचना अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या प्रसिद्ध यंत्राच्या धर्तीची. स्मृतीसाठी मात्र गटाने त्या काळी अगदी ताजा असलेला पर्याय निवडला : फेराइटच्या बारीक मण्यांची जाळी. मोहरीपेक्षा थोडी मोठी कडी, तिच्यातून ओवलेल्या तारा आणि प्रत्येक कडीत चुंबकत्वाच्या दिशेच्या रूपाने साठवलेला एक किंवा शून्य. अशा कड्यांत ४० अंकी २०४८ शब्द मावत. पाश्चात्त्य देशांतही ही स्मृती नुकतीच रूढ होत होती. तेव्हा ही निवड मागासलेली नव्हती. ती धाडसी होती, आणि योग्य ठरली.

नळ्यांच्या बाबतीत मात्र काळाने दगा दिला. यंत्र उभे राहीपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९५९ मध्ये आयबीएमचे ट्रान्झिस्टरवर चालणारे मोठे संगणक बाजारात आले होते, आणि टिफ्रॅक कामाला लागला तो त्यानंतर. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी-३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. ज्या नळ्या हाताशी होत्या, ज्या जोडता येत होत्या त्या निवडल्या. पण बांधायला लागलेल्या वर्षांत त्या जुन्या झाल्या.

मग भावजींच्या भाषेत, त्यात आपलं काय राहिलं? राहिली ती माणसे. संगणक कसा घडतो हे आतून कळलेली भारतातली पहिली पिढी त्या यंत्रावर तयार झाली, आणि पुढच्या काळात देशाने आपले संगणक घडवायचे ठरवले तेव्हा तीच उपयोगी पडली.

आमच्या तालुक्याच्या संदर्भात इथे एक गोष्ट नोंदवतो. त्या काळी स्मृतीच्या कड्या ज्या फेराइटच्या होत, त्यात लोह आणि मॅग्नेशियमसोबत मँगनीज हा मुख्य घटक असे. आजही भाच्याच्या यादीतल्या एसएमपीएसच्या पोटात जो छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा गाभा बहुधा मँगनीज-जस्ताच्या फेराइटचाच असतो. तुमसर तालुक्यातून मँगनीज शतकाहून अधिक काळ बाहेर जात आहे. आधी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर या ब्रिटिश कंपनीकडून, १९६२ पासून मॉयलकडून. डोंगरी बुजुर्गचे खनिज तर बॅटरीच्या सेलसाठी नावाजलेले. आपल्या पायाखालची माती जगाच्या बाजारात जाते आणि भाग होऊन, खोक्यात बसून परत येते. मधली सगळी किंमत मधल्या हातांची असते. भावजींच्या प्रश्नाला हीही एक बाजू आहे.

२. मिळाले नाही ते यंत्र

१९८० च्या दशकात ‘महासंगणक’ म्हणजे क्रे. अमेरिकेतल्या क्रे कंपनीचे एक्स-एमपी हे यंत्र त्या काळातले अत्यंत वेगवान यंत्र. एका प्रोसेसरमागे सेकंदाला सुमारे वीस कोटी अपूर्णांकी आकडेमोडी. भारताला ते मोसमी पावसाच्या अंदाजासाठी हवे होते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी त्याहून मोठे हवे होते. बरीच चर्चा, अटी आणि देखरेखीचे करार यानंतर हवामानासाठी एका प्रोसेसरचे यंत्र दिल्लीला मिळाले. बंगळूरचे मिळाले नाही. हवामानाचे गणित आणि अण्वस्त्रांचे गणित एकाच यंत्रावर होऊ शकते, हे कारण उघड होते.

त्यानंतरची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. सूत्रे आली डॉ. विजय भटकर यांच्याकडे. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अभियांत्रिकी शिक्षण नागपूरला, पुढचे बडोदा आणि दिल्लीला. मुदत तीन वर्षे, उद्दिष्ट सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी, म्हणजे एक गिगाफ्लॉप.

ही कथा आपण बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण जिद्दीने चिप तयार होत नाही. क्रेच्या प्रोसेसरसाठी लागणारी अतिवेगवान मंडले घडवण्याची सोय देशात नव्हती. चिप बनवणारा सरकारी कारखाना मोहालीला होता, त्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये आग लागली आणि तो मोडून पडला. म्हणजे सी-डॅकच्या मुदतीतले पहिले वर्ष सरत असताना, देशात चिप करण्याची जी थोडीफार शक्यता होती तीही जळाली. प्रश्न उरला तो निवडीचाच : बाजारात खुलेपणाने मिळणारा असा कोणता भाग आहे, ज्याच्या शेकडो नगांतून मोठे यंत्र उभे राहील?

३. रोवणीचे गणित

उत्तर ब्रिटनमधून आले. १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशाने इनमॉस नावाची कंपनी निघाली होती. तिने ‘ट्रान्सप्यूटर’ नावाची चिप काढली. १९८७ मध्ये आलेल्या टी-८०० या प्रकारात अपूर्णांकी आकडेमोडीचे मंडल चिपमध्येच होते. पण तिचा वेग क्रेपुढे नगण्य होता. प्रत्यक्ष कामात सेकंदाला पंधरा लाखांच्या आसपास आकडेमोडी. मग ही चिप का?

कारण तिला चार हात होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरवर चार जोडदुवे चिपमध्येच बसवलेले होते. वेगळे जोडकार्ड न लावता एक चिप शेजारच्या चार चिपांशी थेट बोलू शकत होती. एकटीने जोरात धावावे म्हणून ही चिप केलेलीच नव्हती, जथ्थ्यात काम करावे म्हणून केलेली होती.

धानाच्या मुलखातल्या माणसाला हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. रोवणी ही एका ताकदवान माणसाचे काम नव्हे. बांधीत वीस बाया ओळीने वाकतात आणि दिवसभरात बांधी हिरवी होते. पण त्या दिवसाचा वेग केवळ बायांच्या हातावर ठरत नाही. पऱ्ह्यांच्या जुड्या वेळेवर येत आहेत का, बांधीत पाणी बरोबर आहे का, एकीची ओळ दुसरीच्या ओळीला अडत तर नाही ना, यावर तो ठरतो. जुड्या पोचल्या नाहीत तर वीस बाया उभ्या राहतात, आणि चाळीस बाया आणल्या तरी काम दुप्पट होत नाही. समांतर संगणकाची सारी अडचण एवढ्यात आली. प्रोसेसर वाढवणे सोपे. त्यांच्यापर्यंत काम पोचवणे आणि त्यांच्यातला संवाद तुटू न देणे अवघड.

सी-डॅकने आपली मेहनत नेमकी तिथे घातली. चिप इनमॉसची, पण तिची मांडणी, गरजेप्रमाणे बदलता येणारी जोडणी, आणि एक काम शेकडो चिपांत वाटून देणारी आज्ञावली पुण्याची. त्या आज्ञावलीला नाव दिले ‘परास’. यंत्राचे नाव ‘परम’. संस्कृतात सर्वश्रेष्ठ, आणि ‘पॅरलल मशीन’ या इंग्रजी शब्दांतूनही जुळवलेले. १९९० मध्ये त्याचे प्राथमिक रूप झुरिकच्या प्रदर्शनात दाखवले गेले, आणि १९९१ मध्ये परम-८००० तयार झाला. ६४ नोडचे यंत्र, २५६ पर्यंत वाढवता येणारे. पूर्ण आकारात ठरलेला एक गिगाफ्लॉप. पुढे त्याची यंत्रे परदेशांतही गेली, रशियातही.

इथे एक दुरुस्ती हवी. ‘परम हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा महासंगणक होता’ असे आपल्याकडे सर्रास छापले जाते. त्या वेळी जगातल्या महासंगणकांची सर्वमान्य क्रमवारीच नव्हती. ‘टॉप-५००’ ही सूची १९९३ च्या जूनमध्ये सुरू झाली. परमचे मोठेपण त्या क्रमांकात शोधू नये. ज्या चिपा कुणालाही विकत मिळत होत्या, त्यांतून ज्याला मिळू द्यायचे नव्हते त्याने ते यंत्र उभे केले, हे त्याचे मोठेपण.

त्याच वर्षांत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपला ‘अनुपम’ बांधला, आणि त्यांची निवड निराळी होती : इंटेलची आय-८६० ही चिप आणि बाजारात तयार मिळणारी जोडपट्टी. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’ त्याआधीच चालू होता. म्हणजे एकाच टंचाईला देशात निदान तीन ठिकाणी तीन वेगळ्या याद्यांनी उत्तर दिले होते. पुण्याच्या यशाच्या झगमगाटात हे विसरले जाते.

दिवाळी अंकाच्या वाचकांना सी-डॅकच्या आणखी एका भागाची आठवण करून द्यायला हवी. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम सी-डॅकने पुण्यात पुढे नेले आणि पीसीच्या खाचेत बसवायचे एक कार्ड काढले. ते बसवले की इंग्रजीपुरता घडलेला संगणक देवनागरी दाखवू लागे. त्या कार्डावरच्या चिपाही बाहेरच्याच. पण काना कुठे लागतो, रफार कुठे चढतो, जोडाक्षर कसे फुटते, हे ज्ञान इथले. ते कार्ड आपले होते की परके? मला वाटते, उत्तर सोपे आहे.

४. पोरके झालेले भाग

आता या कथेची कमी सांगितली जाणारी बाजू. ज्या इनमॉसच्या भरवशावर परम उभा राहिला, ती कंपनी १९८४ मध्येच थॉर्न ईएमआयला विकली गेली होती आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. तिची पुढची चिप टी-९००० ही १९९१ मध्ये जाहीर झाली, पण वेळेवर आली नाही; आली तेव्हा कबूल केलेला वेग तिच्यात नव्हता. दरम्यान साधे प्रोसेसर इतके वेगवान झाले की चार हात असणे हा गुण पुरेना. जर्मनीची पार्सिटेक कंपनी तिच्यासाठी थांबून राहिली. ब्रिटनची मायको दुसऱ्या चिपांकडे वळली. ट्रान्सप्यूटरचा वंश तिथे थांबला.

सी-डॅकने १९९२ च्या परम-८६०० मध्ये चार ट्रान्सप्यूटरमागे एक आय-८६० अशी जोड दिली. त्या चिपेचा कागदावरचा वेग दिपवणारा होता. पण तो प्रत्यक्षात काढून घेणे आज्ञावली लिहिणाऱ्यांना फार जड गेले. जगभर हाच अनुभव आला आणि ती चिपही मागे पडली. दोन निवडी, दोन्ही पोरक्या.

खरा बदल परम-९००० मध्ये दिसतो. १९९४ च्या या यंत्राची रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता यावा. त्याची मूळ आवृत्ती सन कंपनीच्या स्पार्क चिपांवर; पुढे अल्फा चिपांवरची आवृत्तीही निघाली. धडा शिकून झाला होता : प्रोसेसरशी लग्न लावायचे नाही, जोडणी मात्र आपली ठेवायची. १९९८ चा परम-१०००० सनच्या तयार सर्व्हरांवर उभा राहिला. ‘परम पद्म’ मध्ये आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते, आणि त्यांना जोडणारे जाळे सी-डॅकचे स्वतःचे, परमनेट. जून २००३ मध्ये तो टॉप-५०० च्या यादीत १७१ वा आला. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ जगात चौथा ठरला, ११७.९ टेराफ्लॉप वेगाने. त्यात एचपीचे सुमारे अठराशे सर्व्हर, इंटेलचे प्रोसेसर. खासगी पैशातून उभे राहिलेले आणि इतक्या वर पोचलेले ते यंत्र होते. पण त्यातही चिप आपली नव्हती.

हे सगळे ‘स्वदेशी’ होते का? प्रामाणिक उत्तर, अर्धे. जोडणी, मांडणी, थंड ठेवण्याची व्यवस्था, आज्ञावली, आणि वाया गेलेल्या निवडींतून आलेले शहाणपण हे स्वदेशी होते. गाभा नव्हता. ‘पूर्ण स्वदेशी’ म्हणून टाळ्या घेतल्या की उरलेल्या अर्ध्या कामाची निकड संपते, आणि आपल्याकडे ती बरीच वर्षे संपली होती. भावजींचा प्रश्न अडाणी वाटला तरी तो त्या टाळ्यांपेक्षा खरा होता.

५. खेळाचे कार्ड

आता भाच्याच्या यादीतल्या सर्वांत महाग ओळीकडे येऊ : ग्राफिक्स कार्ड. खेळासाठी म्हणून निघालेला हा भाग महासंगणकाच्या इतिहासात कसा शिरला?

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसायला ते सेकंदाला किमान साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या घरात ठिपके. प्रत्येकाचा रंग ठरवायला सावली, प्रकाश, पोत यांचे गणित. पण एका ठिपक्याचे गणित शेजारच्या ठिपक्यासाठी सहसा अडून राहत नाही. पुन्हा रोवणीच. म्हणून कार्डाच्या चिपेत एक बलवान प्रोसेसर न ठेवता हजारो किरकोळ प्रोसेसर ठेवले जातात. १९९० च्या दशकात मुलांच्या खेळांनी या चिपांना बाजार दिला आणि त्या बाजाराने त्यांना स्वस्त केले. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही साधने खुली केली आणि शास्त्रज्ञांना खेळाच्या कार्डावर रेणूंचे, हवामानाचे गणित करता येऊ लागले. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाने तर सोनीच्या सतराशेहून अधिक प्लेस्टेशन-३ खेळण्यांची जोडणी करून महासंगणक केला. त्याच वर्षी चीनचा तिआन्हे-१ए एनव्हिडियाच्या सात हजारांवर चिपा लावून जगात पहिला आला.

पुण्यातही तेच झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये टॉप-५०० मध्ये ६३ वा आलेला सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ एनव्हिडियाच्या ए-१०० चिपांवर चालतो. ही चिप म्हणजे भाच्याला हव्या असलेल्या कार्डाच्या चिपेची थोरली बहीण. आज मध्यम किमतीत मिळणारे आरटीएक्स-४०६० हे कार्ड घेतले, तरी शास्त्रीय कामाला लागणाऱ्या ६४ अंकी अचूकतेच्या आकडेमोडीत ते परम-८००० च्या दोनशे पटींहून वेगवान आहे. आणि हे त्याचे दुबळे अंग, खेळाला लागणाऱ्या ३२ अंकी कामात ते याच्या चौसष्ट पट वेगाने धावते. ज्या वेगासाठी एका देशाने तीन वर्षे घातली, तो वेग आता सिहोऱ्याच्या एका घरात कॅबिनेटमध्ये बसतो.

म्हणूनच निर्बंधांची तऱ्हाही बदलली. १९८७ मध्ये अडवले जात होते ते पूर्ण यंत्र. भाग मोकळे होते आणि परमची वाट त्या फटीतून गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने चीनवरचे निर्बंध कडक केले तेव्हा चिपच अडवली गेली, आणि त्या मर्यादेत आरटीएक्स-४०९० हे खेळासाठी विकले जाणारे कार्डही सापडले. कंपनीला चीनसाठी त्याची कमी ताकदीची आवृत्ती काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी नियमात भारतासकट बहुतेक देशांना अशा मोठ्या चिपांचा कोटा ठरवून दिला होता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. मागे घेतला हे बरे झाले. पण लहान भागांतून मोठे यंत्र उभे करण्याची परमची युक्ती आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि यापुढे अडवणूक झाली तर ती भागाच्याच पातळीवर होईल, एवढे त्यातून कळले.

सी-डॅक आता ‘रुद्र’ हे स्वतःचे सर्व्हर करते; सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ कार्यान्वित झाला. ‘औम’ नावाच्या प्रोसेसरचा आराखडाही सी-डॅकने हाती घेतला आहे. त्याचे मूळ बांधकाम आर्म या ब्रिटिश कंपनीचे, म्हणजे गाभ्याकडे अर्धे पाऊल. सत्तर वर्षांनी तरी ते पडते आहे.

६. वहीचे पान

या सगळ्यानंतर मी भाच्याला फोन केला आणि आम्ही दोघांनी त्याची यादी पुन्हा पाहिली. इतिहास वाचून संगणक जोडता येत नाही, पण यादी वाचता येते.

कार्डापुढे त्याने ४०९० लिहिले होते. ते एकटे ४५० वॅट घेते. प्रोसेसर धरून भर खेळात सातशेच्या घरात, म्हणजे एक इस्त्री चालू ठेवावी तशी उष्णता, आणि तीही मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, धानाच्या गिरणीच्या धुळीत. त्या पैशाच्या हिशेबात एसएमपीएस त्याने सर्वांत स्वस्त धरला होता आणि यूपीएस धरलाच नव्हता. वीज दिवसातून चारदा लपंडाव खेळते तिथे हे जुड्या आणणारा माणूस न ठेवता वीस बाया बोलावण्यासारखे होते. मदरबोर्डाचा सॉकेट त्याने अशा पिढीचा निवडला होता की तिच्यात पुढचा प्रोसेसर येणारच नव्हता, म्हणून ट्रान्सप्यूटरची गोष्ट त्याला सांगितली. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “मामाजी, म्हणजे पुण्याचे मोठे लोकही फसले?” फसले, पण दुसऱ्यांदा निराळ्या रीतीने फसले आणि तिसऱ्यांदा फसायचे नाही म्हणून रचनाच बदलली, असे मी त्याला सांगितले.

शेवटी कार्ड दोन पायऱ्या खाली आले. एसएमपीएस आणि यूपीएस वर गेले. हवा खेळेल असे, धूळ अडवणाऱ्या जाळीचे कॅबिनेट घेतले. मदरबोर्ड पुढची काही वर्षे नवा प्रोसेसर घेईल असा निवडला. बेरीज पहिल्या बेरजेपेक्षा बरीच खाली उतरली आणि भावजी निम्मे शांत झाले. भाग आणायला बापलेक तुमसर रोडवरून गाडीने नागपूरला गेले आणि एका दिवसात परत आले.

जोडणी रविवारी झाली. पहिल्यांदा पडदा उजळलाच नाही. भाच्याने सगळे उघडले, रॅम काढून दुसऱ्या खाचेत बसवली, तारा पुन्हा तपासल्या. तिसऱ्या वेळी चालू झाले. त्या दोन तासांत भावजी शेजारी बसून टॉर्च धरून होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ‘यात आपलं काय’ हा प्रश्न त्यांनी काढला नाही. कोणती तार कुठे जाते आणि ती उलटी का बसत नाही, हे ते मला समजावून सांगत होते.